उहुराचं काम किरकोळ नव्हतं

‘स्टार ट्रेक’ या जुन्या अमेरिकी अंतराळ-मालिकेत यानावरची संपर्क अधिकारी उहुरा हिला ‘हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन’ (म्हणजे ‘संपर्क सुरू’) म्हणण्यापलीकडे काम नव्हतं, असं काही जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. संवाद कमी होते, हे खरं. त्यामुळेच पहिल्या सीझननंतर उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाल्या होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं. पण १९९२ साली अंतराळात गेलेल्या अमेरिकी अंतराळवीर मे जेमिसन यानात आपली पाळी सुरू करताना उहुराचं नेमकं हेच वाक्य म्हणायच्या! १९७७ पासून निशेलबाई नासासाठी अंतराळवीर भरतीच्या प्रचाराला फिरल्या, तेही विसरू नका.

आमच्या सोलापुरात, पूर्व भागात, दूरदर्शनवर मालिका लागली की शेजारच्या अक्का मांडीवर विड्या वळायचं सूप घेऊन बघायला यायच्या. इंग्रजी कुणालाच फारसं कळत नव्हतं. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे उहुराचा गणवेश लाल आहे हे कितीतरी उशिरा समजलं. पण कानातल्या यंत्राला बोटं लावून ती खुर्चीत वळली की अक्कांचे हात थांबायचे. एवढ्या पुरुषांत ती बाई अधिकाराने बसलीय, हे समजायला भाषा कशाला लागते?

तिची खरी ताकद बघायची असेल तर ‘मिरर, मिरर’ हा भाग जरूर बघा. त्यात ती सुलू या अधिकाऱ्याला कशी अडवून धरते, ते पाहाच.