आप्रवासन की स्थलांतर? (आणि 'लोंढा' कुणाचा?)

शब्दवेडी: अर्थकारणावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. मी लिहिलं होतं, 'जन्मदर घटला तरी आप्रवासनामुळे लोकसंख्या वाढत राहते.' संपादकांनी 'आप्रवासन' काढून 'स्थलांतर' घातलं. वाचकाला कळलं पाहिजे म्हणे. आता कळतंय काय? जाणारे की येणारे? पुढे 'निव्वळ स्थलांतर' येतं, म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा. तिथे तर पुरता घोळ. फक्त येणाऱ्यांसाठी सुटसुटीत शब्द सुचवा.

कोशकीटक: सुचवायचं काय त्यात? आत येणं ते आप्रवासन, बाहेर जाणं ते उत्प्रवासन. 'आयात-निर्यात' पचलंच ना लोकांना?

तिरकस: पचलं, कारण रोज कानावर पडतं. 'उत्प्रवासन' ऐकून मला उत्खनन आठवतं. आणि हिंदी पेपरांत 'आप्रवासी'चा सर्रास 'अप्रवासी' होतो. एक काना गळला की परदेशातून आलेला माणूस घरकोंबडा!

जुनी वही: दुखणं 'प्रवास'मध्येच आहे. संस्कृतात प्र + वस्, म्हणजे घरापासून लांब राहणं. मराठीने राहणं टाकून दिलं नि जाणं तेवढं ठेवलं. त्यामुळे आपला प्रवासी परतीचं तिकीट काढतो, हिंदीतला तिकडेच बिऱ्हाड करतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येतही नेहमीच्या वास्तव्याचा देश सोडून किमान १२ महिने दुसरीकडे राहणारा तो दीर्घकालीन स्थलांतरित. भर राहण्यावरच आहे, बघा.

शब्दवेडी: हे आवडलं. पण माझं वाक्य तसंच लटकतंय. लेखात जर्मनीचं उदाहरण आहे. तिथे १९७२पासून दर वर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त, तरी आजची लोकसंख्या तेव्हापेक्षा मोठी. इथे 'स्थलांतरामुळे' लिहिलं तर कुणीही विचारेल, माणसं इकडची तिकडे गेली तर बेरीज वाढेल कशी?

तिरकस: 'बाहेरून येणारे' लिहा आणि मोकळ्या व्हा.

कोशकीटक: आणि 'निव्वळ बाहेरून येणारे'? अगदीच निव्वळ!

हिशेबनीस: मला वेगळीच शंका. पुढे 'सरकारी तिजोरीवरचा भार' असं काही लिहिलंय का? मी एकदा लिहून बसलो होतो. मुळात नुसता 'परिणाम' होता. 'भार' म्हटलं की निकाल आधीच लागतो. तरुण कामगार येतो तेव्हा त्याच्या शिक्षणाचा खर्च दुसऱ्याच देशाने केलेला असतो आणि पेन्शन लांब असतं. तो लगेच कर भरू लागतो. त्याची मुलं शाळेत गेली की खर्च सुरू, ती कमावती झाली की पुन्हा जमा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अकादमींचा २०१६चा अहवाल हेच सांगतो. पहिल्या पिढीचा खर्च मुख्यतः राज्य आणि स्थानिक सरकारांवर पडतो, तोही मुलांच्या शिक्षणापायी, आणि तीच मुलं पुढे सरकारला सर्वाधिक मिळवून देणाऱ्यांत असतात. तेव्हा कुठली तिजोरी, ते आधी लिहा.

कोशकीटक: 'तिजोरी' नको. राजकोष.

तिरकस: राजे गेले, कोष राहिले.

शब्दवेडी: 'भार' होता. खोडला. आणि 'लोंढा'ही आहे हो, तीनदा.

हिशेबनीस: तोही काढा. लोंढा म्हटलं की वाचक बांध घालायला धावतो. १९८०मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसं काही महिन्यांत अमेरिकेला आली, बरीचशी मायामीतच राहिली. तिथला कामगारवर्ग एकदम सातेक टक्क्यांनी फुगला. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड म्हणाले, मजुरीवर फारसा परिणाम नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास पुढे म्हणाले, शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी चांगलीच घसरली. म्हणजे 'मजुरी' लिहितानाही कुणाची ते सांगावं लागतं. 'लोंढा' लिहिणाऱ्याला ही कटकट नाही.

जुनी वही: लोंढ्याऐवजी आपला 'परागंदा' घ्या की! वाऱ्यावर पराग उडतात तशी माणसं दूरदूर जाऊन रुजतात. किती सुंदर!

कोशकीटक: अहो, परागंदा फारसी आहे. विखुरलेला. परागाचा काहीएक संबंध नाही. शिवाय परागंदा होतो तो गेलेला, आलेला नव्हे.

जुनी वही: विखुरलेला म्हणजे तरी काय, परागच ना?

शब्दवेडी: मजकूर उद्या सकाळी द्यायचाय. आप्रवासन ठेवू की नको?

तिरकस: ठेवा, पण काना तपासून.

जुनी वही: परागाचा संबंध नाही हे कुठल्या कोशात आहे? पान सांगा.