पाय धुवून घेणंही कठीण असतं

एका ताईंनी विचारलंय की धर्मग्रामातली (म्हणजे एका चर्चच्या परिसरातल्या ख्रिस्ती समाजातली) सेवा म्हणजे सणाची सजावट आणि कमिटीतली खुर्ची एवढंच उरलंय का. त्यांची खंत खरी आहे. पण दुसरी बाजू डोळ्यांआड राहते, कारण ती मुद्दामच झाकलेली असते.

माझे सासरे इथे वसईत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरजूंना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेचे सभासद होते. (फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी 1833 मध्ये पॅरिसला ती सुरू केली, तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा विद्यार्थी होता!) बैठकीत बंद थैली फिरते, कुणी किती टाकले ते शेजारच्यालाही कळत नाही. गरजूंच्या घरी दोघांनी मिळून जायचं आणि कुठे गेलो ते बाहेर बोलायचं नाही. सासऱ्यांनी आम्हाला शेवटपर्यंत एकही घर सांगितलं नाही.

मग ते आजारी पडले. दोन सभासद आमच्याच घरी आले, त्यांना अंघोळ घालू म्हणाले. सासरे कितीतरी वेळ नको नको म्हणत राहिले. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) फादर बारा जणांचे पाय धुतात, ते मी लहानपणापासून पाहत आलेय. पण त्या शिष्यांतल्या पेत्राने येशूला "माझे पाय कधीही धुवायचे नाहीत" असं का म्हटलं असेल, ते मला त्या दुपारी कळलं. अखेर सासऱ्यांनी सदऱ्याची बटणं स्वतःच सोडली.