मदत हवी आहे: बर्फ काढून देणाऱ्या शेजारच्या काकांसाठी मुंबईहून काय नेऊ?

नमस्कार मंडळी, माझी बहीण अमेरिकेत मिनेसोटात एका खेड्यात राहते, जानेवारीत मी आईला घेऊन तिच्याकडे चाललेय. तिथे सरकारी गाडी फक्त मोठा रस्ता साफ करते, घरापर्यंतची वाट ज्याची त्याने मोकळी करायची, वर ती गाडी जाताना वाटेच्या तोंडाशी बर्फाचा घट्ट बांधच घालून जाते. तर शेजारचे सत्तरीतले शेतकरी काका पहाटे ट्रॅक्टर घेऊन येतात, मागच्या चाकांना साखळ्या, पुढे बकेट, अर्ध्या तासात वाट मोकळी. थंडीत डिझेल घट्ट होतं, इंजिन चालू होत नाही म्हणून रात्रीच हीटर लावून ठेवतात, का तर बहिणीला सकाळी ड्युटीवर जायचंय. व्हिडिओ कॉलवर बघून आईच्या डोळ्यात पाणीच आलं. पैसे घेतच नाहीत हो, डिझेलचे पण नाही.

दादरला सोलापुरी चादर बघितली, पण उणे २५ मध्ये तिचा काय उपयोग? अस्सल लोकरीचं घोंगडं मुंबईत कुठे मिळेल? की गोधडी नेऊ? आई बेसनाचे लाडू म्हणतेय, कस्टमला डिक्लेअर करून कोणी नेलेत का? प्लीज सांगा, बॅगा भरायला घेतल्यात.