गेटजवळचा आंबा, बांडगूळ आणि सीतेची वेणी

(रत्नागिरीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं)

शनिवार, २३ मे

बी-१०३ (सेक्रेटरी): सर्व सभासदांना नमस्कार. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामांपैकी गच्चीचं डांबर आणि पन्हळी झाल्या. उद्या सकाळी ९ वाजता झाडं छाटायला माणूस येतोय. गेटजवळच्या आंब्याच्या तारेकडे झुकलेल्या फांद्या काढायच्या आहेत. त्यावर वाढलेलं बांडगूळही एकदम साफ करून घेऊ. त्या बाजूला गाड्या लावू नयेत.

सी-२०१: 👍

बी-३०४: बरं झालं. ते बांडगूळच झाड खातंय. यंदा मोहोर भरपूर होता, पण आंबे धरलेच नाहीत.

ए-३०२ (काकू): सेक्रेटरीभाऊ, जरा थांबा. बांडगूळ म्हणजे कोणतं? खोडाच्या बेचक्यात लांब पट्ट्यांसारखी पानं आहेत, ते का?

बी-१०३ (सेक्रेटरी): हो काकू, तेच. आणि वर शेंड्याकडेही आहे.

ए-३०२ (काकू): शेंड्याकडचं खरं बांडगूळ आहे, ते जरूर काढा. बेचक्यातल्याला मात्र कोयता लावू देऊ नका. ती सीतेची वेणी आहे. आपल्याकडची आमरी, म्हणजे ऑर्किड. तिला तुरा आलाय, पंधरा दिवसांत फुलेल. मी रोज सकाळी दूध आणायला जाताना बघते.

बी-३०४: काकू, पण दोन्ही झाडावरच जगतात ना? फरक काय मग?

ए-३०२ (काकू): फार मोठा फरक आहे वहिनी. संध्याकाळी खाली या, हातात धरून दाखवते. तोवर इथे लिहिते, म्हणजे उद्याच्या माणसालाही वाचून दाखवता येईल.

बांडगूळ फांदीच्या आत घुसतं. जिथे चिकटतं तिथे गाठ येते आणि ती गाठ झाडाचा रस ओढते. पानं जाडसर, लंबगोल असतात. त्याची फळं खाणारी छोटी पाखरं चिकट बी फांदीला पुसतात आणि पुढच्या फांदीवर नवं बांडगूळ उगवतं. म्हणून ते गाठीच्या खालून, थोडी फांदी घेऊनच तोडायला लागतं. नुसती पानं छाटली की पुन्हा फुटतं.

सीतेची वेणी आंब्यातून काहीच घेत नाही. तिला फक्त बसायला जागा हवी असते. सुतळीहून जाड, पांढुरक्या मुळ्या सालीवरून नुसत्या पसरलेल्या असतात. एखादीचं टोक नखाने हलकं उचलून बघा, खाली साल जशीच्या तशी असते. तिचं जेवण म्हणजे पावसाचं पाणी, हवेतली ओल, सालीवर साठलेली धूळ आणि कुजलेला पाला. काल मी त्या मुळ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. बघता बघता पांढऱ्याच्या हिरव्या झाल्या. मुळीवर स्पंजासारखा थर असतो, तो पाणी शोषतो आणि मग आतला हिरवा रंग दिसतो. वाळली की परत पांढरी.

आंबे न धरण्याचा दोष तिचा नाही हो. मोहोरावर तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे होते, खाली गाड्यांच्या काचा चिकट झाल्या होत्या ते आठवतंय ना?

बी-३०४: हो, आमची गाडी रोज पुसावी लागत होती.

ए-१०४ (आजोबा): आमची सून गुवाहाटीला असते. ती म्हणते की तिकडे सीतेच्या वेणीला कपौ फूल म्हणतात. बिहूला मुली अंबाड्यात माळतात. आसामचं राज्यफूल आहे हे.

ए-३०२ (काकू): हो आजोबा, अरुणाचलचंही तेच. आणि आपल्याकडे ते कोणी न लावता गेटवर आलंय. ऑर्किडचं बी धुळीएवढं बारीक असतं. एका शेंगेत हजारोंनी, काही जातींत लाखांनी. पण बियांत शिदोरी नसते. सालीवर विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजतं, आणि फुलायला पुढे कितीतरी वर्षं जातात. इतक्यांतून एक आपल्या आंब्यावर टिकलंय.

बी-१०३ (सेक्रेटरी): काकू, समजलं. उद्या तुम्ही ९ वाजता खाली असाल का? माणसाला तुम्हीच दाखवा.

ए-३०२ (काकू): साडेआठलाच येते.

सी-२०१: काकू, आमच्या गावी आंबा घाटाच्या बाजूला असली फांद्या भरून दिसतात. पुढच्या आठवड्यात जातोय, दोन-चार आणू का?

ए-३०२ (काकू): नको रे दादा. जंगलातून काढणं कायद्यात बसत नाही, आणि ओरबाडून आणलेली बहुतेक मरतातच. मुळ्या एकदा सालीवरून सोलल्या की तुटतात. लावायची हौस असेल तर नर्सरीतलं डेंड्रोबियम जातीचं ऑर्किड घे. मी पिल्लूही देईन. माझ्याकडच्या दोन डेंड्रोबियमच्या जुन्या काठीवर, म्हणजे जाड खोडावर, पिल्लं, म्हणजे छोटी रोपं आलीत. मुळ्या बोटभर झाल्या की काढता येतात.

बी-२०२: काकू, मी मागच्या वर्षी पांढरं ऑर्किड आणलं होतं, ते फुलपाखरासारख्या फुलांचं. दोन महिने सुंदर होतं, पावसात कुजलं. इकडची हवा मानवत नाही का त्याला?

ए-३०२ (काकू): हवा मानवते ग ताई, त्याला दमट हवा हवीच असते. साचलेलं पाणी मानवत नाही. ते फॅलेनॉप्सिस. माझी गेल्या पावसात सहा गेली, आणि मला फार वाईट वाटलं. कुंडीतून काढून बघितलं तर मुळ्यांभोवती ओल्या शेवाळाचा गच्च बोळा. दुकानातून तसाच येतो. ओली मुळी चिमटीत धरली की वरचं साल मोज्यासारखं निघून हातात यायचं, आत नुसता दोरा. आणणाऱ्याने पहिल्याच दिवशी तो बोळा काढायला हवा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता उरलेली तीन लाकडी कोळशावर लावलीत. इस्त्रीवाल्याकडून मोठे तुकडे आणले, दगडी कोळसा नाही. त्यात कौलांचे तुकडे आणि अगदी थोडं नारळाचं सोडण, तेही दोन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून. सगळ्या पुस्तकांत सोडण भरा म्हणतात, पण ते कोरड्या गावासाठी ठीक आहे. रत्नागिरीच्या झडीत ते आठ-आठ दिवस वाळत नाही. कुंडी तिरकी टांगते, म्हणजे मधल्या पानांत साचलेलं पाणी निथळतं. तिथे पाणी राहिलं की रातोरात गाभा काळा पडतो.

डेंड्रोबियम आणि व्हँडा ही ऑर्किडं मात्र खुशाल पावसात टांगा. व्हँडाला तर टोपलीत काही भरूच नये, मुळ्या वाऱ्यावर मोकळ्या. फक्त पागोळीखाली नको. धारेने कोवळं पान फाटतं.

पुण्याहून, ए-२०१: आमच्याकडे बाणेरला उलटंच होतं. कोळशावर लावलेलं तीन दिवसांत सुकतं, म्हणून सोडणच भरतो. तेव्हा पुस्तकं चुकीची नाहीत.

ए-३०२ (काकू): अगदी बरोबर आहे दादा, पुण्याची हवा कोरडी. मी फक्त समुद्राकाठचं बोलतेय.

बी-२०२: खत आणि ऊन? माझी गॅलरी पश्चिमेला आहे.

ए-३०२ (काकू): पश्चिमेच्या उन्हाने पानावर भाजल्याचे पांढरे डाग पडतात. ५० टक्क्यांची हिरवी जाळी लाव किंवा झाप बांध. डेंड्रोबियमचं पान केळीच्या कोवळ्या पानासारखं पोपटी दिसलं म्हणजे ऊन नेमकं. गडद हिरवं झालं की सावली जास्त, मग पानंच वाढतात, फूल येत नाही. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं), लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, सकाळी. पाऊस कोसळत असताना नाही. आणि वाळलेल्या दिसल्या तरी जुन्या काठ्या कापू नकोस, त्यात साठा असतो. माझ्या एका बिनपानी काठीला फेब्रुवारीत सात फुलं आली.

रात्री टॉर्च घेऊन कुंडीच्या बुडाशी बघ. गोगलगायी मुळीचं हिरवं टोकच खातात.

रविवार, २४ मे

बी-१०३ (सेक्रेटरी): [फोटो] तारेकडच्या तीन फांद्या आणि शेंड्याचं बांडगूळ काढलं. काकूंनी गाठ दाखवली, मुठीएवढी होती. बेचक्याला हात लावलेला नाही. वॉचमनलाही सांगितलंय.

बी-३०४: मी खाली होते. काकूंनी मुळीचं टोक उचलून दाखवलं. खरंच, खाली साल साफ आहे. 🙏

शनिवार, ६ जून

ए-१०४ (आजोबा): [फोटो] सकाळी फिरायला निघालो तर गेटवर हे. हातभर लोंबतोय तुरा, पांढऱ्यावर जांभळट ठिपके. सुनेला पाठवला.

सी-२०१: काकू, या आंब्यावर अजून लावता येतील का? तुम्ही पिल्लं देणार होतात.

ए-३०२ (काकू): हो ना, मृग लागला की हीच वेळ. पूर्वेकडच्या खरबरीत सालीवर मुळ्या टेकवायच्या आणि सुती पट्टीने घट्ट बांधायचं. माती, शेण काही नको. पट्टी कुजेपर्यंत मुळ्यांनी साल धरलेली असते. माझी चार पिल्लं तयार आहेत. सोमवारी सकाळी ७ ला शिडी मिळेल का?

बी-१०३ (सेक्रेटरी): मीटररूममधली घ्या. मी धरायला येतो.

बी-३०४: माझ्याकडे सुती जुनी साडी आहे. तीन बोटं रुंद पट्ट्या फाडल्या तर चालतील?

ए-३०२ (काकू): दोन बोटं पुरे वहिनी. आठ पट्ट्या आणा.