पाणी लाकडातून चढतं, सालीतून नाही

साल सोलली की मुळांचं पाणी वर जायचं थांबतं आणि म्हणून झाड वाळतं, असा एक समज आहे. झाड वाळतं हे खरं, पण कारण वेगळं आहे. पाणी आणि त्यात विरघळलेली अन्नद्रव्यं चढतात ती आतल्या लाकडातल्या मेलेल्या पेशींच्या नळ्यांतून, आणि त्यांना वर ओढतात पानं, बाष्पोत्सर्जनामुळे, म्हणजे पानांतून पाण्याची वाफ होऊन बाहेर जाते त्यामुळे. सालीतून जाते ती पानांत तयार झालेली साखर, मुळांकडे. लिंबाची गुटी बांधून पाहा, म्हणजे फांदी झाडावरच ठेवून तिला मुळ्या फोडायचं कलम. फांदीची इंचभर साल गोल काढली तरी पुढची पानं टवटवीत राहतात, आणि मुळ्या फुटतात त्या कापाच्या शेंड्याकडच्या काठाला, कारण साखर तिथेच अडते.

आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या संत्र्यात डिंक्या रोगाने नेमकं हेच होतं. फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जिवामुळे बुंध्याची साल सडते, डिंक गळतो, तरी झाड बरेच दिवस हिरवं दिसतं, कारण पाणी वर जातच असतं. खाली मुळं मात्र उपाशी मरत असतात! मग पानं पिवळी पडली की लोक पाणी वाढवतात. भारी काळ्या जमिनीत ते फारच घातक, साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, पानांआधी बुंधा बघा. जंभेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या रोपावर, संत्र्याचा डोळा जमिनीपासून वीतभर उंच बांधलेलीच कलमं घ्या, आळ्यातलं पाणी खोडाला टेकू देऊ नका. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मलम बुंध्याला पावसाळ्याआधी आणि नंतरही लावा, सडलेली साल खरवडून मगच.