'विंडो' म्हणजे वाऱ्याचा डोळा

'विंडो' हा शब्द आज अखंड वाटत असला, तरी मुळात तो सामासिक आहे. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत 'विंद्र' म्हणजे वारा आणि 'आउगा' म्हणजे डोळा. या दोहोंपासून 'विंदाउगा' हा शब्द झाला. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतून तो इंग्रजीत शिरला. तेथे 'ग' झिजून त्याचा 'व' झाला आणि त्यातला डोळा ओळखू येईनासा झाला. तो इतका पुसला गेला, की पुढे काहींनी शेवटच्या अक्षरांत दार पाहिले आणि 'विंडोर' असे रूप रूढ करू पाहिले. ती व्युत्पत्ती अर्थातच चुकीची आहे. जुन्या इंग्रजीत खिडकीला 'डोळ्याचे भोक' अशा अर्थाचा स्वतंत्र शब्द होता, म्हणजे डोळ्याची कल्पना तेथेही होतीच. वाऱ्याचा उल्लेख मात्र नॉर्स शब्दाने आणला, आणि तो यथार्थ आहे, कारण काचा नसलेल्या त्या घरांत भिंतीतल्या किंवा छपरातल्या उघड्या भोकातून वारा थेट आत येत असे.

आपल्याला विशेष वाटावे असे पुढेच आहे. संस्कृतात खिडकीला 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट, आणि 'गवाक्ष' म्हणजे गाईच्या डोळ्यासारखे ते, असे दोन शब्द आहेत. अमरकोशात ते शेजारी शेजारीच येतात. 'विंडो'चा पूर्वार्ध 'वात'चा सगोत्र आहे आणि उत्तरार्ध 'अक्षि'चा, म्हणजे आपण दोन शब्दांत वाटून ठेवलेले त्यांनी एका शब्दात जोडले. यावरून 'विंडो' संस्कृतातून निघाला असे मात्र म्हणू नये. घटक एकाच इंडो-युरोपीय कुळातले आहेत, समास ज्याने त्याने आपापल्या घरी केला. 'गवाक्ष'मध्ये 'अक्षि'चे 'अक्ष' होणे तर पाणिनीच्या 'अक्ष्णोऽदर्शनात्' या सूत्राने होते: अक्षि शब्द प्रत्यक्ष डोळ्यासाठी नसेल, तेव्हाच हा बदल.

कार्ले-भाजे येथील चैत्यांच्या दर्शनी कमानींना गवाक्ष म्हणतात, तो हाच शब्द. 'वाऱ्याचा डोळा' या अर्थाला शोभेल अशी जागा मात्र राजगडावर सुवेळा माचीच्या कातळात आहे. त्या आरपार भोकाला आपण सुईच्या भोकावरून 'नेढे' म्हणतो, आणि तेथे बसले की वाऱ्यापुढे बोलणेही ऐकू येत नाही.