मदत हवी आहे: ६ व्होल्टचा रेडिओ आणि हीटर १२ व्होल्टवर, फ्यूज टिकत नाही

भंगारप्रेमी
कुणीतरी लवकर सांगा, डोकं चालेनासं झालंय. गाडी १२ व्होल्टवर करून घेतली. बल्ब सगळे बदलले. रेडिओ आणि हीटरचा ब्लोअर मूळचे आहेत आणि मूळचेच ठेवायचेत, म्हणून व्होल्टेज पाडायला मधे रेझिस्टर टाकलाय. दोन्ही चालू असले की झकास. ब्लोअर बंद केला की रेडिओ गुरगुरायला लागतो आणि पाच-सात मिनिटांत फ्यूज जातो. चार गेले. रेझिस्टरला हात लावायची सोय नाही. तो तापायचा तेवढाच तापतोय की चुकीचा बसवलाय? रविवारी गाडी बाहेर काढायचीये.

डायनॅमोदादा
कुठली गाडी, कुठलं साल, रेझिस्टर किती ओहम, किती वॅट, फ्यूज किती अँपिअरचा, दोन्हीला मिळून एकच रेझिस्टर की वेगवेगळे? नुसतं 'गाडी' म्हणून भागत नाही हो.

किल्लीपाना
वायपरची मोटर विसरू नका. ६ व्होल्टची मोटर १२ वर दिली की पाती वेड्यासारखी पळतात आणि आतला गिअर जातो. मी सरळ १२ व्होल्टची मोटर बसवून टाकली.

भंगारप्रेमी
१९५० ची फोर्ड, फ्लॅटहेड व्ही-८. वायपर व्हॅक्यूमवर (इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर) चालतात, त्यांचा विजेशी संबंध नाही आणि मी विचारलंही नव्हतं.
रेझिस्टर एकच, दोन्हीला मिळून. अर्धा ओहम, १०० वॅट, अॅल्युमिनियमच्या बॉडीचा. फ्यूज ५ अँपिअरचा, फक्त रेडिओच्या वायरीवर. मूळ मोठा होता, पण १२ व्होल्टला करंट निम्मा होतो असं ऐकलं म्हणून लहान टाकला.

मूळरूप
मुळात १२ करायची गरजच काय होती? ६ व्होल्टच्या गाड्या सुरू होत नाहीत, ही अफवा आहे. लोक १२ व्होल्टच्या मापाच्या बारीक बॅटरी केबल टाकतात आणि मग स्टार्टरला शिव्या घालतात. जाड केबल टाका, इंजिनची अर्थ-पट्टी घासून चकचकीत करा, सेल मारताना स्टार्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. बहुतेकदा रोग तिथेच निघतो.

जुगाडू
रेझिस्टर काढून फेका. १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे २-२ व्होल्टचे सहा सेल. तिसऱ्या सेलनंतर टॅप (मधूनच वायर) काढा, ६ व्होल्ट फुकटात! खर्च शून्य.

डायनॅमोदादा
@मूळरूप, केबलचं शंभर टक्के खरं. पण फोर्डनेच १९५६ मध्ये १२ व्होल्ट आणले, तेही काही हौस म्हणून नाही.

@जुगाडू, कृपा करून हे कुणाला शिकवू नका. टॅपखालचे तीन सेल जास्त रिकामे होतात, चार्जिंगचा करंट मात्र सहाही सेलमधून सारखाच जातो. खालचे तीन कायम अर्धपोटी, वरचे तीन ओव्हरचार्ज होऊन पाणी उडवतात. आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या पूर्वी वर उघड्या दिसायच्या. आताच्या बॅटरीत त्या झाकणाखाली बंद असतात. टॅप काढणार कुठून, ड्रिल मारून?

जुगाडू
मी ट्रॅक्टरला दोन वर्षं चालवलं. काही झालं नाही.

डायनॅमोदादा
ट्रॅक्टरला रेडिओ होता का?

व्हॉल्व्हवाली
धाग्यावर परत येऊ या का?
भंगारप्रेमी, ६ व्होल्टची बॅटरी (किंवा ६ व्होल्टचा दणकट सप्लाय) घेऊन दोन्ही वस्तू वेगवेगळ्या मोजा. व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीचा, काचेच्या नळ्यांचा) रेडिओ साधारण ५ अँपिअर ओढेल, ब्लोअर त्याहून जास्त. फ्यूजचं म्हणाल तर करंट निम्मा होतो तो १२ व्होल्टच्या बल्बचा, कारण बल्बच बदललाय. तुमचा रेडिओ ६ व्होल्टचाच राहिला, तो पूर्वीइतकाच खाणार.

आणि 'बारा' हे नुसतं नाव आहे. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ च्या आसपास देतो. ६ व्होल्टच्या गाडीतही डायनॅमो ७ च्या आसपास द्यायचा. म्हणजे पाडायचेत ते ६ नाही, ७ व्होल्ट.

भंगारप्रेमी
मोजले. रेडिओ ५, ब्लोअर ८. ब्लोअर एवढा खात असेल असं वाटलं नव्हतं. आता पुढे काय? अॅमीटर (बॅटरी चार्ज होतेय की रिकामी, ते दाखवणारा काटा) पण गंडलाय, इंजिन रेस केलं की डिस्चार्जकडे जातो, तो वेगळा वैताग.

व्हॉल्व्हवाली
थांबा. अॅमीटर उलटा चालतोय म्हणजे कन्व्हर्जन करताना अर्थिंगही उलटवलंय. ती फोर्ड मुळात पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला. हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं!

आता गुरगुर. दोन्ही चालू असताना १३ अँपिअर गुणिले अर्धा ओहम, साडेसहा व्होल्ट पडतात. १४ तले साडेसात उरतात, रेडिओ खूश. ब्लोअर बंद केला की रेझिस्टरमधून एकट्या रेडिओचा करंट जातो, साधारण सात-साडेसात अँपिअर. साडेतीन-पावणेचारच व्होल्ट पडतात आणि रेडिओला मिळतात दहाच्या वर. व्हॉल्व्हची फिलामेंटं ६.३ व्होल्टची आहेत हो! तो ५ अँपिअरचा फ्यूज चुकून लावलात, पण त्यानेच रेडिओ वाचवला.

किल्लीपाना
पोलॅरिटी उलटली म्हणजे ब्लोअरही उलटा फिरत असणार. हवा आतल्या बाजूला खेचत असेल, म्हणून जास्त करंट खातो. वायरी अदलाबदल करा.

डायनॅमोदादा
चूक. जुन्या मोटरींत फील्डलाही (बाहेरच्या स्थिर भागाला) चुंबकाऐवजी वाइंडिंग असतं. बॅटरी उलटली की फील्ड आणि आर्मेचर (आतला फिरणारा भाग) दोन्ही उलटतात, फिरायची दिशा तीच राहते. चुंबकाची मोटर असेल तर उलटी फिरते. स्टार्टरचंही तेच. उलटा फिरत असता तर इंजिन सुरूच झालं नसतं.

भंगारप्रेमी, इग्निशन कॉइलच्या दोन बारीक वायरी अदलाबदल केल्यात का? नसतील तर स्पार्क उलट्या दिशेने पडतोय. प्लगचा मधला इलेक्ट्रोड निगेटिव्ह हवा, तो तापलेला असतो, तिथून स्पार्क कमी व्होल्टेजला निघतो. आणि कॉइल ६ व्होल्टचीच असेल तर तिलाही स्वतंत्र बॅलास्ट (व्होल्टेज पाडणारा) रेझिस्टर लागतो.

भंगारप्रेमी
इंजिन मस्त चालतंय. कॉइलचं मी विचारलेलं नाही.

डायनॅमोदादा
चढावर मिस मारेल तेव्हा विचाराल.

मूळरूप
आणि फ्युएल गेज? त्यात तापून वाकणारी पट्टी असते, तिच्यावर केसाएवढी बारीक तार गुंडाळलेली. १४ व्होल्टवर ती तार किती दिवस टिकेल? म्हणून म्हणतो, मूळचं ते मूळचं.

व्हॉल्व्हवाली
गेजचं बरोबर आहे. एक अँपिअरचा छोटा ६ व्होल्ट रेग्युलेटर त्याला पुरतो, पत्र्याला चिकटवून बसवा.

रेडिओ आणि ब्लोअर वेगळे करा. ब्लोअरचा लोड ठरलेला असतो, त्याला रेझिस्टर चालतो, पण स्वतःचा: ७ भागिले ८, म्हणजे ०.९ ओहमच्या जवळपास. ५६ वॅट उष्णता निघेल, म्हणून रेझिस्टर १०० वॅटचाच घ्या. आणि हे १०० वॅट अॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर घट्ट बसवला तरच. तुम्ही कशावर बसवलाय?
रेडिओला १० अँपिअरचा स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) कन्व्हर्टर. त्याची निगेटिव्ह बाजू इकडून तिकडे एकच असते, तुमची बॉडी आता निगेटिव्ह आहे, त्यामुळे चालेल. पॉझिटिव्ह अर्थ असता तर रेडिओचा डबा बॉडीला टेकताच शॉर्ट झाला असता.
व्हायब्रेटरची (व्हॉल्व्हना लागणारं जास्त व्होल्टेज बनवायला रेडिओत करंट सतत तोडणारा-जोडणारा स्विच) भीती नको. सिंक्रोनस, म्हणजे ते व्होल्टेज परत डीसी करायचं कामही स्वतःच करणारा, असता तर पोलॅरिटी उलटल्या दिवशीच रेडिओ मुका झाला असता. तुमचा बोलतोय.

भंगारप्रेमी
फायरवॉलच्या आतल्या बाजूला, फेल्टवर, दोन स्क्रूंनी. आत्ता काढला. खाली फेल्टवर बरोबर रेझिस्टरच्या आकाराचा काळा चौकोन, कडा तपकिरी, बोट लावलं तर भुगा होऊन पडतोय. शेजारच्या वायरीचं इन्सुलेशन फुगून चकाकतंय. हात थरथरले खरं सांगतो.

डायनॅमोदादा
बॅटरीची वायर सोडा. आधी ती वायर बदला, मग बाकीचं.

भंगारप्रेमी
अपडेट. रविवार हुकला. ब्लोअरचा रेझिस्टर आता बॉनेटखाली, पत्र्यावर. गेजला रेग्युलेटर दिला. अॅमीटरच्या मागे स्क्रू नव्हतेच, वायर नुसती कड्यातून गेली होती, उलट्या बाजूने ओवली, काटा सरळ. कॉइलच्या वायरी उलट्याच निघाल्या. डायनॅमोदादा, तुम्ही जिंकलात.
कन्व्हर्टर लावला. रेडिओला ब्लोअर चालू असो वा बंद, ६.८ व्होल्ट. पण आता मीडियम वेव्हवर दोन-तीन ठिकाणी बारीक शिट्टी येतेय, कन्व्हर्टर काढून सहाच्या बॅटरीवर दिला की जाते.

व्हॉल्व्हवाली
कन्व्हर्टरच्या स्विचिंगचा आवाज आहे, तो मीडियम वेव्हच्या पट्ट्यातच येऊन बसतो. कन्व्हर्टर पत्र्याच्या बंद डब्यात ठेवा, डबा बॉडीला अर्थ करा, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही वायरींवर चोक (आवाज अडवणारी कॉइल) आणि कपॅसिटर. आणि त्याला अँटेनाच्या केबलपासून शक्य तितकं लांब.

किल्लीपाना
व्हॅक्यूमचे वायपर चढावर अॅक्सिलरेटर दाबला की मरतात. बघा बुवा, १२ व्होल्टची मोटर अजूनही बसते.